चौसाळ्याजवळची एका दिवसाची अंगणवाडी

नातीच्या शाळेतून मार्चमध्ये निरोप आला. शाळा म्हणजे पुण्यातला काचेच्या इमारतीतला प्लेग्रुप. 'शुक्रवारी मातीशी मैत्री हा उपक्रम आहे. कृपया अर्धा किलो निर्जंतुक माती पाठवावी.' सुनेने माती ऑनलाइन मागवली. ती खोक्यातून आली आणि खोक्यावर 'मुलांसाठी सुरक्षित' असं छापलेलं होतं. मी ते खोकं हातात धरून इतकी हसले की सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आयुष्यभर बालवाडी चालवलेल्या बाईने यावर हसू नये तर काय करावं? शेवटी घरात तोंडं फुगवून बसण्यापेक्षा कुठेतरी जाऊन यावं असं ठरवलं. बहिणीची मुलगी सुरेखा चौसाळ्याजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. "मावशी, माती बघायची तर इकडं ये, फुकट हाय," असं ती कधीची म्हणत होती. तिथून धारूरचा किल्लाही करता येणार होता. बॅग भरली.

तुम्ही जाणार असाल तर सांगते, पुण्याहून बीडला जाऊ नका. नगर-जामखेडवरून अंबाजोगाईकडे जाणारी एसटी घ्या आणि मांजरसुंब्याला उतरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टर ते फाडताना चेहरा असा करतो की उरलेले अर्धे पैसे त्याच्या खिशातून जातायत. जामखेडच्या पुढे खिडकीबाहेर बघायचं तर नांगरून ठेवलेली कोरडी रानं आणि टँकर. माझ्या शेजारच्या बाईने पायाशी दोन रिकामे कॅन ठेवले होते. लेकीच्या गावाला बोअर चालू आहे, येताना भरून आणणार म्हणाली. मांजरसुंब्याला चहा-भजी खाऊन घ्या, भजी गरम असतात. पुढे चौसाळ्यापर्यंत काळीपिवळी. तीत माणसं किती बसतात हे मी मोजलं नाही, मोजणाराला जागा नव्हती.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भाची नोकरीत आहे.

पहिल्या संध्याकाळी सुरेखाने येसराची, म्हणजे भाजक्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि ज्वारीची भाकरी केली. येसर खाल्ली नसेल तर या भागात येऊच नका. जेवताना मी म्हटलं, "उद्या तुझी अंगणवाडी दाखव."

"कुठली दाखवू? खोली का पोरं?" ती म्हणाली. "दोन्ही एका जागी न्हाईत."

सकाळी कळलं. अंगणवाडीची खोली आहे, सिमेंटची, पक्क्या छताची, भिंतीवर 'अ अननसाचा' रंगवलेला. अननस या गावात कुणी खाल्लेला नाही, पण भिंतीवर आहे. आत गावच्या दूध संस्थेची पशुखाद्याची पोती खिडकीपर्यंत रचलेली. दारात टेबल, टेबलावर दुधाचं फॅट मोजायचं मशिन, बाहेर कॅन आणि दूधवाल्यांची रांग. संस्थेच्या स्वतःच्या शेडचे पत्रे वावटळीत उडाले, मग दुष्काळात जनावरांचं खाद्य ठेवायला चेअरमननी ही खोली 'चार दिवसांसाठी' घेतली. त्याला दीड वर्ष झालं. पत्रे अजून शेडमागे पडलेले आहेत, वाकडे पण धडके. बसवायला एक दिवस पुरे.

आणि मुलं? समोरच्या मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. ऊन सरकेल तशी सतरंजी सरकते. दहा वाजता खांबाशी, अकराला गाभाऱ्याच्या दारापर्यंत, बाराला मुलं घरी, कारण पुढे सरकायला देवच उरतो. मदतनीस कौसाबाई चुलीवर खिचडी शिजवतात आणि दर्शनाला येणाऱ्यांना "चप्पल तिकडं काढा, पोरं जेवायलीत," असं ओरडतात.

मुलं खेळतात काय? मी विचार केला, घर-घर, भातुकली. छे. ही डेअरी-डेअरी खेळतात. माऊली नावाचा साडेचार वर्षांचा गडी पायरीवर मांडी घालून बसला. बाकीची नारळाच्या करवंट्या घेऊन रांगेत. माऊलीने पहिल्या करवंटीत बोट बुडवलं, तोंड वाकडं केलं. "फॅट कमी हाय. पानी घातलंस काय बे?" समोरची तीन वर्षांची मुलगी मान खाली घालून म्हणाली, "न्हाई ओ चेरमन." मग माऊलीने तिच्या करवंटीतलं निम्मं 'सँपल' म्हणून आपल्या डब्यात ओतलं. सगळ्यांचंच ओतलं. रांग गुमान पुढे सरकत होती. मी सुरेखाकडे बघितलं. "दीड वर्ष रोज तेच बघत्यात," ती म्हणाली.

पटावर तेवीस मुलं, मंडपात एकोणीस. चार कुठे, तर बौद्ध वस्तीत. देवळात बसवायला लागल्यापासून ती येत नाहीत. सुरेखा त्यांची खिचडी रोज डब्यातून पोचवते. दुपारी मीही गेले. पहिल्याच घरापुढे प्रज्ञा बसलेली, चार वर्षांची, दोन घट्ट वेण्या आणि पाठीवर दप्तर. घरातल्या घरात दप्तर! तिची आई शीला अंगणवाडीच्या गणवेशाच्या रंगाचाच झगा धुऊन दोरीवर टाकत होती.

"हिला पाठवत का नाही?" मी विचारलं. बालवाडीच्या बाईचा आवाज कुठे जातो?

"देवळात न्हाई पाठवायची," शीला म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं त्या पायरीवर लई ऐकून घेतलंय. खोली सरकारी हाय, सगळ्यांची हाय. खोली उघडा, त्याच दिवशी पाठवते."

"खोली कवा उघडनार?" प्रज्ञाने मला विचारलं. मी पाहुणी, पुण्याची, मला माहीत असणार असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, "लवकर." मोठी माणसं असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजाने जाग आली. जिल्ह्याहून साहेब आदर्श अंगणवाडी बघायला येणार होते. चेअरमन उभे राहून पोती ट्रॉलीत भरवून घेत होते. दीड वर्ष न हललेली पोती सव्वा तासात हलली. मग टँकर आला. गावात घराला दोन ड्रम पाणी मिळतं आणि त्यावर भांडणं होतात. खोली धुवायला अर्धा टँकर लागला. कौसाबाई खराट्याने पाणी ढकलत म्हणाल्या, "फरशीला आंघोळ हाय आज. आमी गुढीपाडव्याला केलती." चेअरमननी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. मग कुलपातलं कपाट उघडलं. त्यातली खेळणी प्लास्टिकसकट तशीच होती. सुरेखाने प्लास्टिक काढायला घेतलं तर चेअरमन म्हणाले, "राहू द्या, खराब होत्यात." शेवटी साहेबांना शोभावं म्हणून काढलं.

आणि चेअरमन माझ्याकडे वळले. गोरेगोमटे, पांढरा शर्ट, बोलायला साखर. "मावशी, तुमचा फोन भारी हाय म्हनं. चार फोटो घ्या की. तुमच्यासारखी जाणकार बाई गावात आली, आमचं भाग्य."

इथे मला अक्कल यायला हवी होती. आली नाही. कौतुक ऐकलं की माझी अक्कल चप्पल घालून बाहेर जाते, हे माझे यजमान म्हणायचे. शिवाय चेअरमन पुढे म्हणाले, "साहेब एकदा बघून गेले की आता ही खोली पोरांचीच. शब्द हाय." सहकारातल्या माणसाचा शब्द, तोही निवडणूक जवळ नसताना! पण मी विरघळले. तडक वस्तीत गेले आणि शीलाला सांगितलं, "आजपासून खोली मुलांची. मी स्वतः ऐकलंय. पाठव."

शीलाने मला नीट निरखलं. "तुमी म्हनताय म्हनून पाठवते," ती म्हणाली.

प्रज्ञा आली तेव्हा दारात थांबली. आत पाय ठेवायच्या आधी तिने ओली फरशी हाताने चाचपली. मग भिंतीवरचं प्रत्येक चित्र बोट लावून बघितलं, अननसाजवळ बराच वेळ उभी राहिली. वर पंखा फिरत होता, खाली सावली होती आणि सतरंजी कुणाला सरकवायची नव्हती. तासाभरात ती माऊलीबरोबर ठोकळ्यांचा मनोरा करत होती आणि भांडतही होती. मी खूश. मी मुलांना ओळीत बसवलं, उंच मागे, लहान पुढे, प्रज्ञा मधोमध. "हाताची घडी. हसा. अजून हसा. झालं!" सराव असतो हो. एकतीस फोटो काढले.

साहेब आले, पंधरा मिनिटं थांबले, नारळपाणी प्यायले. नारळ कुठून आणला ते देव जाणे. "बाळांनो, एखादा खेळ दाखवा बरं," ते म्हणाले. माऊली उठला, नवीन भातुकलीतले कप वाटले आणि मांडी घालून बसला. "फॅट कमी हाय. पानी घातलंस काय बे?" माझ्या मनात आनंदाची उकळी फुटली. आता फुटणार बिंग! सगळ्यांच्या कपातलं निम्मं 'सँपल' माऊलीने आपल्याकडे ओतलं. साहेब पोट धरून हसले. चेअरमन त्यांच्याहून जास्त हसले. "लई हुशार पोरं, साहेब. सहकाराचे संस्कार!" साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. अंगणवाडीच्या पोरांना फॅट कसं माहीत, हे विचारायचं त्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. संध्याकाळी चेअरमननी फोटो मागितले. मी एकतीसच्या एकतीस पाठवले, वर नमस्काराची खूणही टाकली.

चौथ्या दिवशी मला धारूरला जायचं होतं. एसटीपर्यंत सोडायला सुरेखाचा नवरा मोटरसायकल काढेपर्यंत मी सहज खोलीकडे गेले. पोती खिडकीपर्यंत. दारात टेबल, फॅटचं मशिन, दूधवाल्यांची रांग. आणि रांगेच्या बाजूला प्रज्ञा, दप्तर पाठीवर, धुतलेला झगा, आईचं बोट धरून. ती आत वाकून अननस दिसतो का बघत होती. दिसत नव्हता, त्याच भिंतीला पोती टेकवली होती.

मी चेअरमनना गाठलं. हो, तावातावाने बोलले. शब्दाचं काय झालं विचारलं. ते मुळीच चिडले नाहीत. "मावशी, दुष्काळ हाय. ढोरं जगली तर पोरांला दूध. तुमी शहरातली मानसं, तुमाला कावून कळावं?"

"पत्रे तिकडे पडलेत," मी म्हटलं. "ते बसवायला दुष्काळ आडवा येतो का?"

"बसवू की. चार दिवसांत," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाचं दूध बघू लागले.

शीलाने प्रज्ञाच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं आणि दोघी वस्तीकडे गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मी काय केलं? मी किल्ला बघायला गेले. मोटरसायकल उभी होती, वेळ ठरलेली होती. माझ्यासारख्यांचा संताप एसटीच्या वेळापत्रकात बसेल इतकाच असतो.

धारूरचं सांगायचं तर केजवरून एसटी आहे, किल्ला गावालाच लागून आहे. तटबंदी दांडगी, खंदक बघण्यासारखा, आत सावली कमी, पाणी बरोबर न्या. सीताफळं हवी असतील तर दिवाळीच्या आधी जा, उन्हाळ्यात नुसती झुडपं. मी तटावर उभी राहून डोंगर बघितले आणि मला त्यातलं फार काही आठवत नाही. ही माझी चूक, किल्ल्याची नाही.

घरी आले. नातीची माती-मैत्री पार पडली होती. मुलांनी हातमोजे घालून माती हाताळली आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळालं. ते फ्रिजवर लावलंय. मी या वेळी हसले नाही. त्या शाळेत आणि त्या चेअरमनच्या खोलीत फरक काय, हे मला धड सांगता येईना. दोन्हीकडे फोटो छान येतात. आणि काढणाऱ्या माझ्यासारख्याच बायका असतात.

महिन्याने सुरेखाचा फोन आला. अंगणवाडीला बक्षीस मिळालं. माझा फोटो, प्रज्ञा मधोमध असलेला, मोठा करून दूध संस्थेच्या कचेरीत लावलाय. मुलं मंडपातच आहेत, सतरंजी आता नवालाच सरकायला लागते. वस्तीतली चौघं घरीच. मी विचारलं, अर्ज करायचा का, मी लिहून देते. ती म्हणाली, केलाय, तिसरा. मी चौथा लिहून पाठवलाय. त्यात तो फोटो कुणी, कुठल्या दिवशी आणि कशासाठी काढला ते माझ्या सहीने लिहिलंय. माझ्या या प्रवासाच्या ब्लॉगवर आधी टाकलेले ते फोटोही काढून टाकलेत. त्याने काय होईल माहीत नाही.

"प्रज्ञा कशी आहे?" मी शेवटी विचारलं. विचारायचं धैर्य होत नव्हतं.

"खेळती की. काल डबा द्यायला गेलते," सुरेखा म्हणाली. "वस्तीतल्या पोरांना ओळीत बसवलंतं. उंच मागं, बारकी पुढं. हातात कौलाचा तुकडा, त्यो फोन. हाताची घडी घाला म्हनली, हसा म्हनली, अजून हसा म्हनली. मग म्हनली, झालं, उठा आता, पोती आना."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी विचारलं, तू कोन झालीस गं? मला वाटलं चेरमन म्हनंल," सुरेखा म्हणाली. "तर म्हनली, मी पुन्याची मावशी हाय."