न धुतलेलं झबलं

फेब्रुवारी १९६६. गुरुवार, दुपार.

जागा: बोईसरची आमची भाड्याची खोली.

हजर: मी. माझी दीड वर्षाची मुलगी मंदा. दांडीची जनाबाई, जी आठवड्यातून एकदा मासळी विकून झाली की माझ्याकडे कपडे बेतायला शिकायची. आणि पालघरच्या बाई, आमच्या शिवणवर्गाच्या चालक. बाई उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. त्यांना हजर धरावं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

टांगा रस्त्यावर उभा करून त्या दारापर्यंत आल्या. पदर सावरून उभ्या राहिल्या. मी पाणी विचारलं, ते नको म्हणाल्या. मग मंदाकडे बोट केलं.

"हिच्या अंगावरचं झबलं काढून दे."

मला वाटलं, शिवण बघायची असेल. म्हटलं, "बाई, मळलंय. पेज सांडलीय त्याच्यावर. दुसरं धुतलेलं आहे, ते दाखवते."

"नाही नाही. धुऊ नकोस. तसंच दे. फक्त जरा लहान करून दे, बारा दिवसांच्या बाळाला होईल एवढं. तुला जमतं ना मोठ्याचं लहान करायला?"

ते मला जमत होतं. आमच्या घरात नवं कापड वर्षातून एकदा यायचं. बाकी सगळं जुन्यातून. नवऱ्याचं धोतर विरलं की त्यातून दोन झबली. माझ्या लुगड्याचा पदर शाबूत असला तर मुलीचा परकर. जुन्या कापडावर कागदी नमुना सरळ ठेवून चालत नाही. आधी कापड उजेडात धरायचं, विरलेली जागा बघायची, मग नमुना फिरवत फिरवत ती जागा चुकवायची. पाठ दोन तुकड्यांत जोडायची. मुंढा, म्हणजे बाहीची गोलाई, मोठी ठेवायची, पोर वाढलं तरी काखेत काचत नाही. खाली दुमड जास्त सोडायची.

हेच मी वर्गात केलं, तेव्हा बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "ही गोधडी झाली. परीक्षेत असलं चालत नाही. नमुना आहे तसाच कापायचा."

वर्ग पालघरला, त्यांच्याच घराच्या पडवीत भरायचा. चांगलं घर, भाताची गिरणी होती. मी बोईसरहून जायची. नवरा अणुवीज केंद्राच्या बांधकामावर रोजंदारीला होता. बांधकाम आज ना उद्या संपणार, मग काय? म्हणून मी ठरवलं होतं: शिवणाची सरकारी परीक्षा द्यायची, दाखला घ्यायचा, शाळेत शिवणशिक्षिकेची जागा मिळते का बघायची. पस्तिशी उलटलेली बाई वर्गात मुलींच्या शेजारी बसते, याची मला लाज नव्हती.

शेजारी म्हणजे तशी शेजारी नाही. मी पडवीच्या पायरीवर. आम्ही नगरकडचे, बौद्ध झालेलो. वर्गात नाव घातलं तेव्हा बाईंनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, मग पायरी दाखवली. नमुन्याचे कागद टेबलावर एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायचे. मला लांबून धरून दाखवायचे. मी नजरेने बघून वर्तमानपत्रावर काढायची. मापं घ्यायच्या दिवशी जोड्या लावल्या. एकीने दुसरीची छाती, खांदा, कंबर मोजायची. माझी जोडी कोणाशीच लागली नाही. बाई म्हणाल्या, "तू घरी सुतळीने घेऊन ये."

मी सुतळीने घेऊन गेले. तेव्हा मला परीक्षा हवी होती.

आता त्याच बाई माझ्या दारात उभ्या होत्या. आवाज मऊ. त्यांच्या सुनेची दोन मुलं लागोपाठ गेलेली होती, एक सटवी पुजायच्या आत आणि एक दोन महिन्यांचं. आता तिसरा मुलगा झाला होता. सगळं घर धास्तावलेलं. कोणा जाणत्या म्हातारीने उपाय सांगितला होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडच्या जिवंत मुलाच्या अंगावरचं, न धुतलेलं झबलं बाळाला घालायचं. म्हणजे काळाला वाटतं, हे हलक्या घरचं पोर आहे. तो बघत नाही. पुढे जातो."

मी मंदाकडे बघितलं. ती चमचा घेऊन जनाच्या टोपलीवर बडवत होती. झबल्यावर पेज वाळून पांढरी झालेली.

जना आधी बोलली. तिने कातर खाली ठेवली आणि म्हणाली, "बाय, आमच्या घरचं न्या की. बोंबलाचा वास हाय त्याला. काळ नाक दाबून पार डहाणूपर्यंत पळल."

"मी तुझ्याशी बोलत नाहीये," बाई म्हणाल्या.

"मंग काळाशीच बोला. आमी कोण मधी?"

बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्याकडे वळून आवाज आणखी खाली आणला. "ठाण्याला परीक्षेसाठी नावं पाठवायची आहेत. तुझं पाठवायचं की नाही, मी ठरवलं नव्हतं. आता पाठवते. सही करून देते."

म्हणजे हिशेब स्पष्ट होता. हे झबलं दे, परीक्षा घे.

खरं सांगते, हात मंदाच्या पाठीवरच्या बंदांपर्यंत गेला होता. एक गाठ सोडायची होती. पोर मांडीवर घेतलेलं, बंद बोटात, आणि मला दत्तू आठवला. माझा थोरला. गावाकडे असताना गोवराने गेला.

मी म्हटलं, "बाई, आमच्या घरी काळ येऊन गेलाय. माझा दत्तू तीन वर्षांचा होता. त्याच्या अंगावर माझ्याच घरचं झबलं होतं. न धुतलेलं. तापात त्याला सोडून धुवायला उठणार कोण? मग काळाला तो कसा दिसला?"

वाटलं, बाई आता काहीतरी बोलतील. अरेरे म्हणतील. त्या म्हणाल्या,

"तुमचं वेगळं गं."

बस. एवढंच. रागाने नाही, तुच्छतेनेही नाही. सहज. भाताचं वेगळं, नाचणीचं वेगळं, तसं.

पायरीवर बसवलं तेव्हा मी गिळलं होतं. सुतळी गिळली होती. लांबून धरलेला कागद गिळला होता. प्रत्येक वेळी मनाशी म्हणायची, दाखला मिळेपर्यंत. पण हे गिळता येईना. माझं पोर मेलं ते वेगळं. त्यांचं जगावं म्हणून माझ्या दुसऱ्या पोराच्या अंगावरचा मळ हवा. आणि तो मळ मीच मापात बेतून, नीट टीप मारून द्यायचा.

मी बंदाची गाठ पुन्हा घट्ट केली. उभी राहिले.

"हे झबलं देत नाही," मी म्हटलं. "तुमच्या नातवासाठी नवं शिवते. नवी मऊ मलमल मी माझ्या पदरची घालते. पण बाळाचं माप माझ्या हाताने घेईन. तुमच्या घरात बसून, बाळाला मांडीवर घेऊन. चालेल?"

"ते कसं चालेल?"

"अंगावरचं चालतं आणि हात चालत नाही?"

"नव्याचा काय उपयोग?" बाई वैतागल्या. "नवं आमच्याकडे ढीगभर आहे."

"मग माझ्याकडे तुमच्या उपयोगाचं काही नाही."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच त्यांच्या नातवाचा जीव घेते आहे. "पोटात माया नाही तुझ्या," म्हणाल्या आणि टांग्याकडे गेल्या. जना त्यांच्या पाठीवर ओरडली, "बाय, टांगा धुऊन घ्या घरी गेल्यावर. आमचा वारा लागला हाय." मी तिला गप्प केलं नाही.

माझं नाव ठाण्याला गेलं नाही. पुढच्या आठवड्यात मी वर्गाला गेले, तर पायरीवर कुंड्या मांडलेल्या. मी उभ्याने दोन तास नमुने काढले आणि परत आले. पुन्हा गेले नाही.

झबलं त्यांना मिळालं. आमच्याच खोल्यांच्या ओळीतल्या एका घरातून. तिला त्या बदल्यात काय मिळालं, मी विचारलं नाही. तिची चूल मला माहीत आहे. तिच्यावर माझा राग नाही. बाईंच्या सुनेवरही नाही, दोन पोरं गेलेली आई काय मागेल आणि काय नाही. मूल जगलं. चांगलं झालं. गुण मात्र झबल्याला गेला, आणि मी ओळीत निर्दय ठरले.

नवराही म्हणाला, "फडकंच तर होतं. दिलं असतंस तर परीक्षा झाली असती."

मी म्हटलं, "फडकं मागितलं असतं तर धुऊन, घडी घालून दिलं असतं. त्यांनी आपला हलकेपणा मागितला. तो माझ्याकडे नाही, तर देऊ कुठून?"

तो जेवत होता. जेवून उठला, हात धुतले आणि म्हणाला, "मग आता?"

मग आता मी स्वतःच ओट्यावर वर्ग सुरू केला. जना पहिली. तिच्या मागून दांडीच्या आणखी बाया, मग कामावरच्या बिगारणी. दाखला कोणालाच मिळणार नव्हता, ते मी पहिल्या दिवशी सांगून टाकलं. शिकवायला मी आमच्या अंगांपासून सुरुवात केली. डोक्यावर टोपली धरणाऱ्या बाईने हात वर केला की वर्गातल्या नमुन्याचा झंपर काखेत फाटतो. तिथे कापडाची चौकोनी कळी घालायची. पोर पाजता पाजता कामाला जाणारीचा झंपर पुढून उघडणारा हवा. झबल्याला बटण नको, बंद हवेत, म्हणजे तेच झबलं दोन पावसाळे पुरतं. माप घेताना एकीने दुसरीला हात लावायचाच. लांबून अंदाज करायचा नाही. कोणी कोणाच्या जातीची असो, टेप हातानेच धरायचा. एक बाई त्यावरून उठून गेली. मी थांबवलं नाही.

आणि एक नियम मी सगळ्यांकडून म्हणवून घेतला. पोराच्या अंगावरचा कपडा उतरवून कोणाच्या उपायाला द्यायचा नाही. गरजूला द्यायचा तर धुऊन द्यायचा. कोणाला बाळासाठी हवंच असेल तर आमच्याकडून नवं शिवून घ्यावं, बाळ आमच्या मांडीवर देऊन.

ओळीत आता कोणी देत नाही. तीन वर्षं झाली.

पण गेल्या आठवड्यात मासवणकडच्या पाड्यावरची एक बाई झंपर बेतायला आली. गळ्याची गोलाई काढता काढता सहज म्हणाली, "आमच्याकडं येतात मोठ्या घरच्या बाया, पोराचं झबलं मागाया. आमी देतो."

"का देता?"

"मोठी माणसं हायत. नाय कसं बोलायचं?"

"झंपर नीट बसला नाही तर बोलतेस ना नाय?"

ती हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, "माझं एकटीचं कोण ऐकल? तुमी या."

मी येते म्हटलं आहे. जना यायला तयार आहे. नमुने कापून ठेवले आहेत. तिथे झंपर शिकवायला एक दुपार पुरेल. दुसऱ्या गोष्टीला किती वेळ लागेल, मला माहीत नाही. त्या पाड्यावर अजून एकाही आईच्या तोंडून 'देत नाही' निघालेलं नाही. ते काम बाकी आहे.