प्रार्थनाघराच्या दारातलं पाणी

दुष्काळाच्या त्या वर्षी माझी मुलगी सोलापुरात सिस्टरांच्या शाळेत दुसरीला होती. तिथं दुपारी मुलांना लापशी आणि पावडरचं दूध मिळायचं. माझे मालक गिरणीत कामाला; गिरणी कधी चालू, कधी बंद. घरात संध्याकाळी एकदाच चूल पेटायची. सासूबाईच म्हणायच्या, "पोरगी साळंत जाती म्हणून तगली."

लापशी शिजवायला सिस्टरांनी गल्ल्यांना पाळ्या लावून दिल्या होत्या. एक दिवस विणकरांच्या तेलुगू बायका, एक दिवस मुसलमान गल्लीतल्या, मग आम्ही. कुणाच्या हातचं कोण खाणार यावरून आधी कुरबुर झाली, ती भुकेनंच मिटवली. मला ते काम आवडायचं. मी चौथी शिकलेली; वाचता येतं, पण चार माणसांत तोंड उघडत नाही. चुलीपाशी कुणी काही विचारत नाही.

आमच्या पाळीच्या दिवशी मुलीला ताप होता. तीन दिवस झाले, औषधानं उतरत नव्हता. घरी ठेवली तर दूध बुडेल म्हणून कडेवर घेऊन गेले. तिला सावलीत बसवावं म्हणून प्रार्थनाघराच्या दारापाशी आले. दाराशेजारी भिंतीत दगडी वाटी बसवलेली, तीत पाणी. येता-जाता सिस्टर त्यात बोटं बुडवून कपाळाला लावायच्या, ते मी पाहिलं होतं. देवाच्या दारातलं पाणी म्हणजे तीर्थ, एवढंच मला ठाऊक. उजव्या तळहातावर घेतलं, मुलीला पाजलं, उरलेलं मी प्याले आणि ओला हात तिच्या डोक्यावरून फिरवला.

मागं आमच्याच गल्लीतल्या दोघी सरपण घेऊन उभ्या होत्या.

"अगं बया, प्याली की ही!"

"पोरीलाबी पाजलं."

संध्याकाळपर्यंत मी बाटले होते. सासूबाईंनी माझा पाण्याचा तांब्या वेगळा केला. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतलं एकही मूल शाळेत गेलं नाही. आज हिनं पाजलं, उद्या सिस्टर पाजतील, असं बायका बोलायला लागल्या. मुलीचा ताप उतरला होता, पण तिकडं कुणी बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टर स्वतः आल्या. चपला काढून ओट्यावर बसल्या. सगळी गल्ली गोळा झाली.

"अहो, ते पाणी पिऊन कुणी ख्रिस्ती होत नाही," त्या म्हणाल्या. "ते प्यायचं नसतंच. मुलांना पाठवा. उपाशी राहतील."

"तुमचा दोस न्हाय, सिस्टर," सासूबाई म्हणाल्या. "हिला तोंड हाय की. हिनं सांगावं. का पाजलंस गं?"

"ती कशाला बोलतीय, आत्या? तोंडात तीर्थ हाय अजून," कुणीतरी म्हणालं, आणि बायका हसल्या.

सिस्टर माझ्याकडं बघत होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं, की पोरगी हातातून चालली होती, जवळ जो देव होता त्याचं पाणी पाजलं. चूक माझी, शाळेची नाही, पोरीची तर नाहीच. आत्ता लिहिताना किती सरळ येतंय. तेव्हा पदराचं टोक दातात धरून मी जमिनीकडं बघत राहिले. सिस्टरांनी पुन्हा विचारलं, "बोला ना, बाई." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज आला नाही.

गप्प राहिले म्हणजे कबूल आहे, असंच सगळ्यांनी धरलं. मालक इतका वेळ भिंतीला टेकून होते. ते म्हणाले, "उद्या पोरीचा दाखला काढतो. बाकीच्यांनी आपली पोरं पाठवावी. आमच्यापायी कुणाची उपाशी नको."

सिस्टर पुष्कळ बोलल्या. मालकांनी मान खाली घातली ती वर केली नाही. गल्लीचं मात्र समाधान झालं. दोन दिवसांनी मुलं पुन्हा शाळेला निघाली आणि आमच्या पाळीला माझ्या जागी दुसरी बाई बसली.

मुलगी उंबऱ्यात उभी राहून त्यांना बघत होती. मी म्हटलं, "आज सुट्टी हाय."

"मग ती पोरं कुटं चालली?"

मी तिला आत ओढलं आणि दाराला कडी घातली. पोरांचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ती दारावर हात मारत होती.