लातूरचा ट्रॅक्टर आणि चौगुले साहेबांचे तीन चहा

शाळा दहावीपर्यंतच झाली, पण रोज डायरी लिहायची सवय लागली ती काही सुटली नाही. डायरीत असतं काय, तर पाण्याची पाळी कुणाची होती, खत किती टाकलं, म्हैस कधी व्याली. मात्र शेजारच्या दिनकरअण्णांनी ट्रॅक्टर घेतला आणि माझ्या डायरीतून माझंच शेत बाहेर गेलं. एका दिवसाच्या पानात एक किस्सा मावेना, म्हणून समासात लिहू लागलो. समासही भरले. परवा कट्ट्यावर मंडळी म्हणाली, बापू, एकदा सगळं सांगून टाका. म्हणून सांगतो.

त्याआधी दोन गोष्टी. आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, सगळीकडं ऊस. अण्णांचा तीन एकर आणि बांधाला लागून माझा दीड एकर. ऊस कमरेच्या वर आला की त्याची भरणी करायची, म्हणजे सरी फोडून बुडाला माती लावायची. छातीच्या वर गेला की आत काही शिरत नाही. भरणी चुकली तर पुढच्या पावसाळ्यात एका वाऱ्यात सगळं रान आडवं. अण्णांनी म्हातारे झालेले बैल विकले आणि सगळी भिस्त टाकली ती उसाच्या ओळींतून जाणाऱ्या एका अरुंद, छोट्या ट्रॅक्टरवर.

* * *

असा ट्रॅक्टर जयसिंगपूर रस्त्यावरच्या शोरूममध्ये मिळतो. तिथले मॅनेजर चौगुले साहेब. अण्णा तीन वेळा गेले, तिन्ही वेळा साहेबांनी चहा पाजला, माहितीपुस्तक दिलं आणि ट्रॅक्टर शिल्लक नाही, तीन महिने थांबा म्हणून सांगितलं. ऊस काही तीन महिने थांबणार नव्हता. तेवढ्यात अण्णांच्या लातूरच्या व्याह्यांचा फोन आला, की अगदी तोच ट्रॅक्टर इथं एका शोरूममध्ये उभा आहे. सोमवारी आम्ही दोघं लातुरात.

तिथल्या सोनवणे शेठनी चावी पुढं केली. अण्णांनी ती घेतलीच नाही. ड्रायव्हरला बसवलं आणि सांगितलं, चालवून दाखवा. ट्रॅक्टर पुढं गेला, मागं आला. अण्णा पाठीमागून वाकून चाकांकडं बघत होते. मग शेजारनं चालले, मग आवाज ऐकत डोळे मिटून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी बैलबाजारात हेच केलेलं.

शेठ हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "मामा, दात बी बघता का?"

अण्णा खरंच पुढं गेले आणि ट्रॅक्टरच्या तोंडावरच्या जाळीत डोकावून आले!

* * *

ट्रॅक्टर ट्रकवर घालून पाठवतो, असं शेठ म्हणाले. अण्णांना ते पटेना. "नवी सून टेंपोत झोपवून आणायची व्हय?" म्हणाले, आणि स्वतः स्टेअरिंगवर बसले. मी शेजारी, चाकावरच्या पत्र्यावर.

दोन दिवस लागले. सांगोल्यात मुक्काम केला. वाटेत प्रत्येक धाब्यावर लोक चौकशी करत आणि अण्णा पहिल्यापासून सांगत, त्यामुळं उशीर ट्रॅक्टरमुळं झाला की बोलण्यामुळं हे मला डायरीत नीट लिहिता आलं नाही.

गावात पोचलो तर चाललेले तास मोजणाऱ्या मीटरवर अठरा तास पडलेले. पारावरच्या एकानं वाकून मीटर बघितला, मग अण्णांकडं बघून सहानुभूतीनं म्हणाला, "जुना का असंना, ठेवलाय बरा."

* * *

अण्णांच्या घरच्या शालनवहिनी. म्हशी, डेअरी, घर सगळं त्याच बघतात. ट्रॅक्टर दारात आला त्या दिवशी त्यांनी ओवाळलं, नारळ फोडला आणि हळदीकुंकू लावायला जागा शोधू लागल्या. स्टेअरिंगच्या खाली एक चकचकीत पट्टी दिसली. कंपनीनं पूजेसाठीच ठेवलेली असणार, असं त्यांना वाटलं. दसऱ्याला तिथंच कुंकू. पाडव्याला तिथंच. मधल्या अमावास्येला तेल आणि शेंदूर. महिना-दीड महिन्यात पट्टीवर चांगला बोटभर थर बसला.

ती कंपनीनं ट्रॅक्टरचा नंबर कोरलेली पट्टी होती.

* * *

मीटरवर त्रेचाळीस तास झाले आणि एका सकाळी मागची लिफ्ट, म्हणजे अवजार उचलणारे दांडे, उठेना. नांगर जोडायचा कशाला, तो जमिनीवरच बसून राहणार. ऊस कमरेच्या वर आला होता. अण्णांनी बांबूचा लांब दांडा घेतला, बांधावरच्या उसाला लावला आणि उंचीची खूण केली. त्यानंतर रोज सकाळी खूण वर सरकू लागली.

आम्ही ट्रॅक्टर हळूहळू चालवत चौगुले साहेबांकडं नेला. त्यांनी आधी मागं जाऊन चाकावरच्या पत्र्यावरचा लातूरच्या शोरूमचा स्टिकर वाचला. मग चष्मा काढून पुसला.

"लग्न लातुरात लावलासा," ते म्हणाले, "आणि बाळंतपणाला आमच्याकडं?"

अण्णा म्हणाले, "पयलं बाळंतपण म्हायरालाच असतंय की, साहेब."

वर्कशॉपमधले सगळे हसले. साहेब नाही हसले. स्टिकर काढून या, मग बघू, म्हणून आत गेले. अण्णाही हट्टाला पेटले. ज्यानं अडचणीला दिला त्याचं नाव मी खरवडणार नाही, म्हणाले, आणि ट्रॅक्टर परत घेऊन आले.

सोनवणे शेठना फोन लावला. ते म्हणाले की वॉरंटी कंपनीची असते, कुठल्याही वर्कशॉपला काम करावंच लागतं, मी वर कळवतो. "काळजी करू नका मामा, मी हाव की." पण ते होते लातुरात, आणि ऊस होता शिरोळात.

* * *

भांडून उपयोग नव्हता. मी डायरी घेतली आणि शोरूमच्या बाकावर जाऊन बसलो. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. साहेब येता-जाता बघायचे, मी नमस्कार करायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना राहवलं नाही. समोर येऊन विचारलं, "काय लिवतासा एवढं?"

मी वही पुढं केली. आलेल्या गिऱ्हाइकांपैकी कुणाकुणाला साहेबांनी चहा पाजला आणि त्यातल्या किती जणांनी काहीही घेतलं नाही, ते लिहिलं होतं. अकरातले नऊ.

साहेब वही बघत उभे राहिले. मग माझ्याशेजारी बाकावर बसले आणि पहिल्यांदा मनातलं बोलले. गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं याचं त्यांना काही नव्हतं. "पण तीन वेळा चहा पिऊन गेला तुमचा माणूस. एक फोन तरी करायचा. जातोय लातूरला, म्हणून. एवढंच."

हे मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. अण्णा खाली मान घालून बसले. वहिनी म्हणाल्या, "त्यास्नी उद्या हिकडं घिऊन या."

* * *

साहेब आले. बरोबर त्यांचे जुने मिस्त्री इलाहीभाई, आमच्या भागातले निम्मे ट्रॅक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले. ट्रॅक्टरकडं जायच्या आधीच वहिनींनी खुर्ची मांडली आणि चहा दिला. कप रिकामा झाला, दुसरा आला. साहेब नको नको म्हणत होते, पण घरच्या म्हशीच्या दुधाचा चहा, तो संपला. तिसरा आला. साहेबांच्या कपाळावर घाम.

तिसरा कप खाली ठेवल्यावर वहिनी पदर सावरून म्हणाल्या, "झालं तीन. चुकलं आमचं. आता बघा की लिफ्ट."

साहेब इतके हसले की खुर्ची मागं गेली.

* * *

पण काम तिथंच अडलं. इलाहीभाईंनी तपासलं, लिफ्टचा पंप गेलेला. वॉरंटीत बसतो, म्हणाले, फक्त नंबराच्या पट्टीचा फोटो कंपनीला पाठवावा लागेल. सगळे पट्टीकडं बघू लागले. तिथं पट्टी नव्हती, शेंदूर होता.

नंबर माझ्या डायरीत होता. मी अभिमानानं पान उघडलं. साहेब म्हणाले, "बापू, तुमच्यावर विश्वास हाय. कॉम्प्युटरला डायरी चालत न्हाय."

इलाहीभाईंनी डिझेलचा बोळा काढला, तर वहिनी मध्ये आल्या. दसऱ्याचं कुंकू डिझेलनं पुसायचं नाही. इलाहीभाईंनी बोळा खाली ठेवला. वहिनीच आत गेल्या, ताट घेऊन आल्या, स्टेअरिंगच्या मधोमध नवं हळदीकुंकू लावलं, नवी फुलं वाहिली, हात जोडले. देव वर हलवला. मग खोबरेल तेलाचं बोट घेऊन स्वतःच पट्टी उजळू लागल्या. अर्धा तास गेला. इलाहीभाई डोक्यावर रुमाल बांधून अदबीनं शेजारी उभे.

एकेक आकडा वर आला. मी डायरीशी ताडून बघितला. बरोबर होता. कुणी विचारलं नाही, पण मी सांगितलं.

* * *

फोटो गेला, कंपनीची मंजुरी आली, पण पंप यायला दहा दिवस. अण्णांच्या दांड्यावरची खूण छातीला लागलेली. पाच दिवसही हातात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इलाहीभाई मोटारसायकलवरून आले. मांडीवर पोत्यात गुंडाळलेला पंप. अण्णांनी विचारलं, एवढ्या लवकर कंपनीनं पाठवला? इलाहीभाई पाना शोधत म्हणाले, "कंपनीनं न्हाय. शोरूममध्ये नवा ट्रॅक्टर आलाय, हार घालून हुबा केलाय न्हवं, त्येचा काढलाय. साहेबच म्हणाले, त्येला कुठं भरणी करायचीय?"

दुपारी लिफ्ट उठली. अण्णांनी ती सात वेळा वर-खाली करून बघितली. संध्याकाळपर्यंत अर्धा एकर भरणी झाली.

* * *

आता शेवटचा किस्सा.

तिसऱ्या दिवशी भरणी माझ्या रानात आली होती. अण्णा ट्रॅक्टरवर, मी मागं चालत. बांधावर चौगुले साहेबांची मोटारसायकल थांबली, पाठीमागं हातकणंगल्याकडचे एक वयस्कर शेतकरी. हे पावणं शोरूममध्ये ट्रॅक्टर बघायला आलेले, आणि शोरूममधल्या ट्रॅक्टरची लिफ्ट अर्थातच उठत नव्हती. म्हणून साहेब त्यांना चालता ट्रॅक्टर दाखवायला इथं घेऊन आले.

वहिनी चहा घेऊन आलेल्याच होत्या, म्हणून अण्णांनी ट्रॅक्टर बांधाला उभा केला. साहेबांना लांबून बघितल्याबरोबर त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर वाळत घातला. कोरडाच होता. तो बरोबर लातूरच्या स्टिकरवर पडला.

पावणं दोन सऱ्या मागनं चालले. माती चिमटीत घेऊन बघितली, ओळी वाकून बघितल्या. मग अण्णांना विचारलं, "ह्यो कुठनं घेटलासा?"

साहेब बांधावरच्या गवताकडं बघू लागले. वहिनी म्हणाल्या, आधी चहा घ्या. पावण्यांनी कप घेतला, पण नजर अण्णांवरून हलवली नाही.

अण्णा खाली उतरले आणि त्यांनी टॉवेल उचलला.

पावण्यांनी स्टिकर सावकाश, मोठ्यानं वाचला. मग साहेबांकडं वळून विचारलं, "लातूरचा? मग तुम्ही हितं कशाला आलासा?"

अण्णा म्हणाले, "त्यांनीच नीट केलाय. नव्या ट्रॅक्टरचा पंप काढून ह्येला बसवलाय. म्हणून तुमाला तिथं लिफ्ट दिसली न्हाय."

पावण्यांनी चहा संपवला. मग ट्रॅक्टरला एक पूर्ण फेरी मारली आणि साहेबांना एवढंच म्हणाले, "माझ्यासाठी एक लिवून घ्या. पंपासकट."

पावणं मोटारसायकलकडं चालू लागले. साहेब मात्र थांबले. अण्णांच्या हातातला टॉवेल त्यांनी घेतला, खाली वाकले, लातूरच्या स्टिकरवर उडालेली माती चारी कोपऱ्यांनी नीट पुसली, टॉवेल झटकून वहिनींच्या हातात दिला, आणि गेले.