वातीचा कापूस आणि निळी गाडी

“ताई, हे उठत नाहीयेत हो...”

शुक्रवारची दुपार होती. नमाज आटोपून गल्ली पुन्हा सुस्तावली होती, मी वालाचं बिरडं-भात खाऊन जरा आडवी झाले होते, आणि वरच्या मजल्यावरून शुभदाचा, विजयच्या बायकोचा, हा फोन. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा वाटलं ही विजयचीच काहीतरी मस्करी आहे. डॉ. विजय खराडे भूलतज्ज्ञ होता. “झोपवायचं फुकट ओ, पैसे उठवायचे,” हा त्याचा ठेवणीतला विनोद, नवीन माणूस भेटला की हटकून व्हायचाच. मी चपला न घालता जिना चढून गेले. तो कुशीवर झोपला होता. उशीशेजारी चष्मा, आणि समोर खिडकीतल्या एसीला दोऱ्यानं बांधलेला कापसाचा एक पुंजका छान फडफडत होता. मी दातांची डॉक्टर असले तरी जे कळायचं ते मला दारातच कळलं. तरीही ॲम्ब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत राहिले. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. साठीसुद्धा गाठली नाही मेल्यानं! त्याला दोन महिने होत आले, आणि अजूनही वरून काही पडल्याचा आवाज झाला की माझ्या तोंडून “काय रे विजय, काय पाडलंस?” असंच निघतं.

सौदीतल्या जेद्दात, अल अझीझिया भागात, आम्ही एकाच इमारतीत वीसेक वर्षं राहिलो. तो मूळचा कराडचा, मी चिपळूणची. मी वयानं मोठी म्हणून मी “ताई” आणि तो “अरे विजय”. माझं लग्न-संसार काही झाला नाही, त्यामुळे वरचं घर हेच माझं माहेर आणि सासर दोन्ही. विजयला एका गोष्टीचं अतोनात कुतूहल होतं... हवेचं. कुठून येते, कुठे जाते, कुठे अडते. धंदाच तो म्हणा. जन्मभर दुसऱ्यांचा श्वास सांभाळला. शुभदाच्या देवघरात वातीच्या कापसाचा एक पितळी डबा असतो. त्यातला पुंजका उचलायचा आणि घरभर धरत फिरायचा. खिडकीच्या फटीशी, फ्रीजच्या दाराशी, एकदा तर माझ्या दवाखान्यातल्या पंख्याशी, समोर पेशंट तोंड उघडून बसलेला असताना! कापूस हलला की लहान पोरासारखा ओरडायचा, “येतेय ओ!” शुभदा चिडायची, की देवाला फुलवाती करायच्या आहेत, तुमचे प्रयोग आवरा. तो म्हणायचा, “देवालाबी हवा लागतीच की.”

तीन वर्षांपूर्वी त्यानं जुन्या बाजारातून ती गाडी आणली. निळी, दोन दारांची, जपानी, जमिनीला इतकी चिकटलेली की तिच्यात बसताना माझे गुडघे कानाला लागत. बायकोच्या नावावर घेतली म्हणजे बायको बोलणार नाही, असा त्याचा हिशोब होता. तो साफ चुकला. “माझ्या नावावर आहे ना? मग मी उद्याच विकते,” असं शुभदा आठवड्यातून एकदा तरी म्हणायची. मलाही प्रश्न पडायचा. हा माणूस रस्त्यावर इतका सावकाश गाडी चालवायचा की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकत. याला रेसच्या ट्रॅकवर कशाला जायचंय? जेद्दात हौशी लोकांना आपापल्या गाड्या घेऊन ट्रॅकवर जायला मिळतं. हेल्मेट घालायचं, गाडी तपासून घ्यायची आणि फेऱ्या मारायच्या. एकदा मी सरळ विचारलंच. तो म्हणाला, “पळायचं काय ओ ताई, पाय दाबला की कुणीबी पळतंय. एवढ्या वेगातनं थांबता कसं येतं, ते मला बघायचंय.”

आणि थांबणंच तर जमत नव्हतं. दोन-तीन फेऱ्या झाल्या की ब्रेक इतके तापत, की पेडल लोण्यात रुतावं तसं खाली जाई. एका सुट्टीच्या सकाळी बेसमेंटमधल्या पार्किंगमध्ये त्यानं मला चाकाशेजारी उकिडवं बसवून सगळं समजावलं. चाकाच्या आत लोखंडाची तबकडी असते, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात आणि गाडी थांबते. त्या घासण्यानं तबकडी लालबुंद होते, ब्रेकचं तेल उकळतं, त्यात बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला तर नुसता दबतो, जोर पुढे जातच नाही. “मग गार हवा मार की त्या तबकडीवर,” मी म्हटलं. दातावर नाही का आम्ही मारत! तो इतका खूश झाला की ग्रीस लागलेल्या हातानं त्यानं मला टाळी दिली. म्हणाला, “तिथंच सगळे चुकतात ताई. वरनं मारली तर एकच बाजू गार होती आणि तबकडी वाकती. पेशंटच्या तोंडावर वारा घालून भागतंय का? नळी श्वासनलिकेत जावी लागती. तसंच हे. तबकडी आतनं पोकळ असती, मधोमध हवा सोडायची, मग फिरता फिरता ती आपणच बाहेर फेकती.” मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण हे कळलं. आणि मग मीही त्या प्रकरणात अडकले ती अडकलेच.

समोरच्या बंपरमधले धुक्याचे दिवे काढून तिथे दोन तोंडं बसवायची, तिथून चाकाकडे जाड नळी न्यायची, आणि टोकाला पत्र्याची एक वाटीसारखी पट्टी, जी हवा तबकडीच्या पोटात सोडेल... ऐकायला सोपं. पहिली नळी त्यानं वॉशिंग मशीनची लावली, शुभदाच्याच. ती वितळली, आणि घरचे कपडे आठवडाभर माझ्याकडे धुतले गेले. दुसरी नळी उष्णता सोसणारी, नारिंगी रंगाची, तार गुंडाळलेली; ती स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरला घासून फाटली. तिसऱ्यांदा त्यानं नळीचा रस्ता बदलला, सनाइयातल्या, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतल्या, गॅरेजमधून पत्र्याची पट्टी नव्यानं जोडून आणली, आणि मग परीक्षा. शुभदाचा केस वाळवायचा ड्रायर बंपरच्या तोंडाशी मी धरला, तो चाकाच्या आत हात घालून कापूस धरून बसला. “येतेय ओ!” अख्ख्या बेसमेंटमध्ये आवाज घुमला. वरचा सुदानी शेजारी धावत आला, कुणाला काही झालं की काय म्हणून.

हे सगळं नुसत्या हौसेसाठी नव्हतं. त्यांची लेक सायली इथेच जन्मली, इथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकली, आता कॉलेजला आहे. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते आणि रागावली की हिंदीत. बायकांना गाडी चालवायला मिळायला लागल्यावर वय होताच तिनं लायसन्स काढलं, आणि बापाच्या मागे भुणभुण सुरू झाली की ट्रॅकवर एकदा मला दे. शुभदाचा साफ नकार. शेवटी मी मध्यस्थी केली आणि जेवणाच्या टेबलावर तह झाला. शुभदाची अट अशी, की आधी तुम्ही सलग पाच फेऱ्या मारून दाखवा. ब्रेक शाबूत राहिले तर पोरीला गाडी द्या. “मंजूर,” विजय म्हणाला. “डन, आई, यू कान्ट चेंज इट नाऊ,” सायली म्हणाली.

आता इथली एक रीत सांगायला हवी. वाळूचं वादळ येणार असलं की आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायका एकच काम करतात, एसीच्या तोंडावर जुनं सुती कापड बांधतात. नाहीतर सकाळी भाताच्या पातेल्यातसुद्धा वाळू सापडते. शुभदाकडे सासऱ्यांची जुनी मऊ धोतरं होती, त्यांचे तुकडे तिनं वर्षानुवर्षं वापरले. गेल्या वसंतात ट्रॅकच्या आदल्या दिवशी असंच वादळ आलं. शुभदा घरातले एसी बांधून झाल्यावर खाली गाडीत विसरलेली पिशवी आणायला गेली, आणि तिला ती दोन काळी तोंडं दिसली. एवढ्या कष्टानं केलेल्या नळ्या, वाळू गेली तर? उरलेल्या धोतराचे दोन बोळे करून तिनं ते आतवर सारले. सकाळी काढायचे, असं ठरवून. सकाळी चहा-नाश्ता, सायलीचा डबा, मोलकरणीची दांडी... राहून गेलं. आणि रोज ऑपरेशनआधी मशीन तपासल्याशिवाय पेशंटला हात न लावणारा विजय त्या सकाळी कापूस धरायला थांबला नाही. कालच तर धरला होता, म्हणाला.

मी चहाचा थर्मास घेऊन ट्रॅकवर गेले होते. नळ्यांच्या भरवशावर तो नेहमीपेक्षा जोरात चालला होता. तिसऱ्या फेरीत लांबच्या वळणावर निळी गाडी वळलीच नाही. सरळ बाहेर गेली, मोकळ्या जागेत गरगरली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली. माझ्या हातातला कप तिथेच पडला. थोड्या वेळानं गाडी सावकाश परत आली. विजय उतरला, बंपरच्या तोंडात बोटं घातली आणि ओढत ओढत काळे डाग पडलेला पांढरा बोळा बाहेर काढला. काठावरून ओळखलं त्यानं. “ताई, आमच्या आबांचं धोतर,” म्हणाला, आणि खाली बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

घरी त्यानं काही लपवलं नाही, लपवायचा स्वभावच नव्हता. शुभदा पांढरीफटक पडली. “मी मारलं असतं हो तुम्हाला... माझ्या हातानं.” तो म्हणाला, “अगं, तपासायला मी विसरलो, त्यात तुझा काय दोष? असं करू, इथून पुढं कापूस तू धरायचास. तू ‘येतेय’ म्हणालीस तरच गाडी हलंल.” पण शुभदा त्यानंतर बेसमेंटमध्ये उतरली नाही. घरातल्या एसींवरची सगळी कापडं तिनं काढून टाकली. उन्हाळाभर त्यांच्या घरात वाळू कचकचत होती, पण तिनं चिंधी बांधली नाही. आणि तिनं कापूस धरला नाही म्हणून विजयनंही पुन्हा गाडी ट्रॅकवर नेली नाही. “घाई नाही ताई, ती येईल,” एवढंच म्हणायचा. नळ्या धुऊन पुसून तयार होत्या. पाच फेऱ्या राहिल्या त्या राहिल्याच.

कराडला सगळे विधी करून मायलेकी परत आल्या त्या घर आवरायलाच. विजयच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, दोघींचा इकामा. आता फायनल एक्झिट, देश कायमचा सोडायचा, खलास. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण वीस वर्षांचं बिऱ्हाड कुठल्या पाठीवर मावतं? गाडीला गिऱ्हाईक मिळालं, पुढच्या आठवड्यात ती जाणार होती. त्याआधी एकदा ट्रॅक उघडणार होता. सायलीनं विषय काढला. “आई, जस्ट वन्स. बाबाने प्रॉमिस किया था.” शुभदा म्हणाली, नाही म्हणजे नाही. पोरगी खोलीत जाऊन दार लावून बसली. मग शुभदा माझ्याकडे वळली. “ताई, माझ्यामुळे त्यांच्या पाच फेऱ्या राहिल्या. माझ्यामुळे पोरीला गाडी चालवताना त्यांना बघता आलं नाही. आता तिलाही काही झालं तर?” मला इतका राग आला, इतकं वाईट वाटलं, काय सांगू! म्हटलं, “बाई गं, तो काही रुसून बसला नव्हता. तो तुझी वाट बघत होता. त्यानं तुला कापूस धरायला सांगितला होता, तो काय वेड लागलं म्हणून?” ती खोक्यांना चिकटपट्टी लावत राहिली. मी तणतणत खाली निघून आले.

ट्रॅकच्या दिवशी सकाळी माझी बेल वाजली. दारात शुभदा, एका हातात ड्रायर, दुसऱ्या हातात देवघरातला तो पितळी डबा. “अट माझी होती ना? मग मीच बघते,” म्हणाली. खाली सायलीनं स्टिअरिंग फिरवून चाक बाहेरच्या बाजूला वळवलं, मी ड्रायर धरला. शुभदा साडी सावरत फरशीवर बसली, चाकाच्या आत हात घातला आणि बोटांच्या चिमटीत कापूस धरला. मग हात मागे घेतला, कापूस नीट पिंजला आणि पुन्हा आत धरला. सायली तर रडायच्या बेतात, “आई? क्या हुआ?” तेव्हा शुभदा चाकाआडूनच म्हणाली, हळू, पण अगदी त्याच्याच सुरात...

“येतेय ओ.”

मग ती दुसऱ्या चाकाकडे गेली. सायलीनं त्या दिवशी पाच फेऱ्या मारल्या, बेतानं आणि नेटकेपणानं. उतरली तेव्हा म्हणाली, “पेडल एकदम हार्ड आहे, आई.” चक्क मराठीत! शुभदानं तिचं हेल्मेट हातात घेतलं आणि तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

परवा त्या दोघी गेल्या. घरमालकाला किल्ली द्यायचं काम माझ्याकडे होतं म्हणून एकदा वर जाऊन आले. घर रिकामं, पण झोपायच्या खोलीतला एसी चालूच राहिला होता. निघायच्या आधी वादळ होऊन गेलं होतं, आणि एसीच्या तोंडावर शुभदानं कापड बांधलं होतं, इतक्या दिवसांनी. जवळ जाऊन पाहिलं तर आबांच्या धोतराचा, नळीत अडकलेला तोच तुकडा, धुऊनही न गेलेल्या काळ्या डागाचा. त्याच्यासमोर दोऱ्याला नवा, पांढराशुभ्र कापूस. कापडातून येणाऱ्या हवेवर तो हळू, पण हलत होता. मी बंद करायला रिमोट उचलला... आणि तसाच हातात धरून थोडा वेळ खाली फरशीवर बसून राहिले.