आजाऱ्यांची चिठ्ठी

पाळकसाहेबांच्या काळ्या बायबलातून बाहेर डोकावणारी, वहीचं पान फाडून केलेली ती चिठ्ठी… आजही डोळे मिटले की आधी तीच दिसते. कंधारचं आमचं चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. उन्हाळ्यात पत्रे तडतडत, सतरंजीला धुळीचा आणि मोगऱ्याच्या गजऱ्यांचा मिसळलेला वास येई, आणि गीतं संपली की पाळकसाहेब ती चिठ्ठी उलगडून आजाऱ्यांची नावं वाचत. मग सारी मंडळी डोळे मिटून त्या नावांसाठी प्रार्थना करी.

मला त्या चिठ्ठीची विलक्षण भीती वाटे. त्या वर्षी बेंजामिनकाकांचं नाव वाचलं गेलं आणि पुढच्या रविवारच्या आत त्यांची माती झाली. मग शांताआजींचं वाचलं, त्याही गेल्या. दोघंही केव्हापासून अंथरुणाला खिळलेले होते, हे ध्यानात घेण्याइतकी अक्कल नऊ वर्षांच्या डोक्यात कुठली असणार! माझ्यापुरता न्याय पक्का होता — चिठ्ठीत नाव आलं की माणूस संपलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचीही भीतीच वाटे.

आणि एका रविवारी त्या चिठ्ठीत माझ्या आईचं नाव होतं.

तिला पोटाच्या ऑपरेशनसाठी नांदेडला नेलं होतं, बाबा तिच्याजवळ होते आणि मी शेजारच्या रूथकडे राहत होते. रूथ माझ्याच वर्गातली. त्यांच्या दीड खोलीत आधीच पाच माणसं. पण तिच्या आईने — तिला मी मावशी म्हणे — सहावं ताट असं मांडलं, जणू ते नेहमीचंच होतं. सकाळी भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, कढीपत्त्याच्या फोडणीची गरम सुशीला, दुपारी मंडळीतल्या कुणी ना कुणी आणलेला डबा… मी मात्र ताटातलं नुसतं चिवडत बसे.

पाळकसाहेबांनी आईचं नाव उच्चारलं न उच्चारलं, तोच मी ताडकन उभी राहिले. "नका घेऊ! आईचं नाव नका घेऊ!"

साऱ्या माना वळल्या. मावशी मला खाली ओढू लागली. तेवढ्यात रूथ उठली.

"पाळकसाहेब, माझं बी नाव घ्या."

"तुला काय झालं गं?"

"काय न्हाई झालं. घ्या तरी. काकूच्या संगं घ्या."

पाळकसाहेब हसले आणि त्यांनी आईच्या नावाला जोडून तिचंही नाव घेतलं. मला वाटलं, हिला बिचारीला काहीच ठाऊक नाही!

गुरुवारी आई गेली.

घर माणसांनी भरलं. मावशीच्या चुलीवर साऱ्या पाहुण्यांचा भात शिजत होता, चर्चमधल्या बायका मला आळीपाळीने कुशीत घेत होत्या, आणि मी रूथचा हात काही केल्या सोडत नव्हते. लोकांना वाटलं, पोर आधार शोधतेय. खरं तर मी तिच्यावर पहारा करत होते. ती नुसती खोकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून पाही. आईसाठी धड रडायलाही मला त्या दिवसांत सवड झाली नाही, हे लिहिताना आजही लाज वाटते. रविवार आला, रूथ माझ्या शेजारी सतरंजीवर बसून खणखणीत आवाजात गायली, आणि तेव्हा कुठे मी आईसाठी रडले.

परवा रूथ लातूरला माझ्याकडे आली होती. शेंगा सोलता सोलता मी इतक्या वर्षांनी प्रथमच तिला त्या वेड्या भीतीबद्दल हसत हसत सांगितलं. ती हसली नाही.

"मला बी तसंच वाटायचं की."

"मग नाव का दिलंस?"

"तू एकटीच भिऊन राहिली होतीस. म्हनलं, दोघी भिऊ."

नऊ वर्षांची ती पोर तो अख्खा आठवडा स्वतःच्या मरणाची वाट पाहत होती, आणि रोज माझ्या ताटात आपल्या हाताने भाकरी कुस्करून घालत होती.