ऐकलेलं परत सांगायचं

थोरल्या दिरांना आरोग्य केंद्रातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर आणून बसवायचं, एवढ्यासाठी मी तीन महिने घरात गोड बोलले. लेकीचं भलं हवं होतंच, पण खोटं कशाला बोलू, मला सूडही हवा होता.

गेल्या शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा सोळा वर्षांची माझी लेक चार दिवस झोपली नव्हती. अखंड बोलत होती. पालखीपुढे ती घुमायला लागली आणि दीर म्हणाले, "वारं आलंय पोरीला." त्यांनी तिला पाटावर बसवलं. लोक तिच्यापुढे नारळ ठेवून आपापल्या अडचणी विचारू लागले. महिन्याभरात ती अंथरुणातून उठेना, तेव्हा हेच म्हणाले, "हिनेच कायतरी विटाळ केला असणार." ते वाक्य मी जपून ठेवलं.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. गोळ्या सुरू झाल्या. पुढे आमच्या गावच्या केंद्रात दर गुरुवारी समुपदेशक बाई येऊ लागल्या, लस टोचायच्या खोलीत. त्यांना घरातली सगळी माणसं समोर हवी होती. नियम एकच, समोरच्याने सांगितलेलं आधी आपल्या तोंडाने परत सांगायचं, मगच आपलं बोलायचं. शिमगा पुन्हा महिन्यावर आला होता आणि दीर पाट मांडायच्या गोष्टी करत होते. नियम ऐकला आणि मी मनात म्हटलं, भाऊजी, आता बरे सापडलात.

लेक म्हणाली, "मी आजारी होते. काकांनी मला पाटावर बसवून देव केलं, मग मलाच नावं ठेवली."

"तिला जरा त्रास झाला म्हणते," दीर म्हणाले.

"तसं नाही म्हणाली ती," बाई म्हणाल्या. "परत सांगा."

तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी शब्द न् शब्द सांगितला, मान खाली घालून, आणि यंदा पाट मांडणार नाही असंही कबूल केलं. मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू. वर्षभराचं सगळं वसूल झालं.

"आईलाही सांगायचंय," लेक म्हणाली. "आई, पहिला नारळ तू ठेवलास. माझ्या पाया पडून विचारलंस, बाबा मुंबईहून कायमचे कधी येतील."

दिरांनी मान वर केली.

"ताई, आता तुम्ही," बाई म्हणाल्या.

मी घसा साफ केला. "तिला जरा त्रास झाला," मी म्हणाले.

"परत सांगा."