पुंगळीच्या आतली खाच

मुलांनो, तुमची आजी कॅनडाच्या आर्मी रिझर्व्हमध्ये सोळा वर्षं वेपन्स टेक्निशियन होती. रँक कॉर्पोरल. शेवटचं पोस्टिंग लंडन, ऑन्टॅरिओ.

माझे सार्जंट डॉइल परदेशी तैनातीवर मारले गेले. त्यांची जुनी रायफल आता त्यांच्या मुलीकडे, क्लेअरकडे आहे. त्या रायफलच्या गोळ्या दुकानात मिळत नाहीत. म्हणून मी बेसमेंटमध्ये दुसऱ्या रायफलच्या गोळ्यांच्या लांब पितळी पुंगळ्या घेते, त्यांचं तोंड तापवून मऊ करते, साच्यात दाबते, मापाला कापते आणि त्यांत दारू व शिसं भरते. सार्जंटनीच शिकवलं. प्रत्येक वेळी उडाली की पुंगळी ताणली जाते, आतून बुडाजवळ खाच पडते आणि शेवटी ती फुटते. म्हणून किती वेळा उडाली ते डब्यावर लिहायचं आणि दोन डबे कधीच एकत्र करायचे नाहीत.

या सप्टेंबरात मी नेमकं तेच केलं. वेळ वाचवायला दोन डबे एकदम पॉलिशच्या यंत्रात ओतले. त्यातल्या वीस भरल्या आणि 'दोन वेळा' लिहिलेल्या डब्यात ठेवल्या.

शनिवारी ०९०० वाजता आम्ही गोळीबाराच्या रेंजवर जमलो. सार्जंटच्या स्मरणार्थ पहिली गोळी दरवर्षी क्लेअर झाडते. रेंज निवृत्त वॉरंट ऑफिसर पीटच्या ताब्यात होती. त्याने डब्यात डोकावून लखलखत्या पुंगळ्या पाहिल्या.

"कॉर्पोरल, लग्नातली चांदी काढलीस की काय? किती वेळा उडाल्यात या?"

"दोन," मी म्हणाले. आणि घरचा रिकामा डबा आठवला. त्यावर 'सात' लिहिलं होतं.

क्लेअरने रायफल गालाला लावली होती.

"सीझ फायर! थांब, क्लेअर!" मी ओरडले.

"रेंज माझी आहे, कॉर्पोरल."

"पुंगळ्या माझ्या आहेत, वॉरंट. मी दोन डबे मिसळले."

क्लेअरने रायफलचा बोल्ट उघडून गोळी काढली. एवढ्या लांब रिचमंड हिलहून पहाटे निघून आलेली क्लेअर आता गोळी न झाडताच परत जाणार होती. पीट म्हणाला, "डॉइल असता तर तुला रेंजभोवती पळवलं असतं."

"आधी कॉफी पाजली असती," क्लेअर म्हणाली. "मग पळवलं असतं."

घरी मी वीसही गोळ्या उघडल्या आणि वाकवलेल्या तारेने प्रत्येक पुंगळी आतून चाचपली. सहांमध्ये बुडाजवळ खाच लागली. त्यातली एक क्लेअरच्या रायफलमधून काढलेली, मी वेगळी ठेवलेली होती. तिच्या गालापासून चार इंचांवर फुटली असती. सहाही पकडीने चेपून टाकल्या.

पुढच्या शनिवारी नवीन पितळ घेऊन गेले. क्लेअरने वडिलांचं नाव घेतलं आणि गोळी झाडली. गरम पुंगळी उचलून तिने माझ्या तळहातावर ठेवली.

मी नव्या डब्यावर लिहिलं: डॉइल. एक वेळा.